थांब, आईला देतो

आमच्या घरात टेलिफोन आला तो १९९१ साली. नंबर लागायला किती वर्षे वाट पाहावी लागे, हे त्या काळातल्या मुंबईकराला सांगायला नको. फोन आला, शेजाऱ्यांना पेढे वाटले, पत्नीने त्यावर क्रोशाचा रुमाल घातला. त्या फोनवर मी आयुष्यात सर्वांत जास्त वेळा उच्चारलेले वाक्य कोणते, असे कोणी विचारले तर मी क्षणाचाही विचार न करता सांगेन, "थांब, आईला देतो."

फोन मुलीचा असे. ती शिकायला पुण्याला होती, पुढे नोकरीसाठी बंगळूरला, मग लग्न होऊन बोरिवलीला. फोन वाजला की पुष्कळदा मीच उचलत असे. "कशी आहेस?" "बरी आहे, बाबा. तुम्ही?" "मजेत. थांब, आईला देतो." अकरा-बारा सेकंदांत माझे पितृकर्तव्य पार पडे. मग माय-लेकींचे पाऊण तास चाले. मी समोर वर्तमानपत्र धरून ऐकत बसे. मुलीच्या आयुष्यात काय चालले आहे ते मला असे ऐकून, तेही एकाच बाजूचे, समजत असे.

वाचकहो, हे फक्त माझ्याच घरात होते असे समजू नका. बँकेत चौतीस-पस्तीस वर्षे काढली, त्यात नाना तऱ्हेचे बाप पाहिले. तिजोरीची किल्ली डोळे मिटून विश्वासाने हाती देणारे, हिशेबात एक पैसा चुकू न देणारे. पण मुलगी मोठी झाली की त्यांच्या जिभेला कुलूप. तिच्या लग्नासाठी कर्ज काढतील, तिच्या बाळंतपणासाठी रजा टाकतील, पण तिच्याशी बोलायचे म्हणजे मध्ये आई हवी.

मी मुलुंडला राहतो, मुलगी बोरिवलीला. नकाशा उघडून पाहा. या दोन उपनगरांच्या मध्ये फक्त संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. एखादे पाखरू आमच्या इमारतीवरून उडाले तर तलाव आणि डोंगर ओलांडून थोड्या वेळात बोरिवलीला पोचेल. माणसाने मात्र आगगाडीने दक्षिणेला दादरपर्यंत यायचे, पूल चढून पश्चिम रेल्वेच्या फलाटावर उतरायचे आणि पुन्हा तितकेच उत्तरेला जायचे. रस्त्याने जायचे तर तिथल्या वाहतुकीचे वर्णन मी करणार नाही. आमच्या घरात पत्नी म्हणजे दादर होती. बाप आणि लेक यांच्या गाड्या तिथेच भेटत.

ती गेली त्याला आता तीन वर्षे होतील. तेराव्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेनऊला फोन वाजला. मी उचलला. "कशी आहेस?" "बरी आहे, बाबा. तुम्ही?" "ठीक. थांब, आईला..."

पुढचे तोंडातच राहिले. पलीकडे ती काही बोलली नाही. अलीकडे मीही नाही. शेवटी तिनेच "ठेवते" म्हटले.

माझ्या तीन कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या आहेत. त्यातल्या एकीत बाप-लेकीचा संवाद सलग अठरा पाने चालतो, आणि त्याबद्दल वाचकांची पत्रे आली होती. ते संवाद लिहिणारा माणूस हातात फोन धरून सोफ्यावर बसून राहिला. त्याला एकही वाक्य सुचले नाही.

त्या गप्प बसण्यामागे आणखी एक कारण होते, ते सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पत्नीच्या दुखण्याचा रिपोर्ट आला तेव्हा मुलगी कंपनीच्या कामासाठी परदेशी होती. पत्नी म्हणाली, तिला कळवू या. मी म्हणालो, एवढ्यात नको, ती उगीच घाबरेल, काम टाकून येईल, थोडे स्पष्ट होऊ दे. थोडे स्पष्ट होण्यात आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत मुलीने दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मी बाजूला बसून पत्नीला खुणेने गप्प केले. नवव्या दिवशी तब्येत एकाएकी बिघडली. मुलगी मिळेल त्या विमानाने आली, पण तोवर पत्नीच्या तोंडात नळी होती. त्यानंतर ती बोलली नाही.

मुलगी भांडली नाही. कार्य झाल्यावर, निघताना दारात चपला घालता घालता एवढेच म्हणाली, "बाबा, ते आठ दिवस माझे होते." मी उत्तर दिले नाही. त्यानंतर दर रविवारी तिचा फोन येत राहिला. जेवलात का? जेवलो. गोळ्या घेतल्या? घेतल्या. बाई आली होती? आली होती. आम्हा निवृत्तांना दर नोव्हेंबरात बँकेला हयातीचा दाखला द्यावा लागतो. माणूस जिवंत आहे एवढेच त्यावरून सिद्ध होते. तो कसा आहे हे त्या कागदावर कुठेच लिहायचे नसते. आमचे रविवारचे फोन म्हणजे असे साप्ताहिक हयातीचे दाखले झाले होते.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त प्राध्यापक राहतात. उपनगरातल्याच एका महाविद्यालयात त्यांनी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले. त्यांची मुलगी लग्नानंतर जर्मनीत स्थायिक झाली आहे, इंजिनिअर आहे. दर बुधवारी रात्री यांचा फोन तासभर चालतो. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असतात म्हणून सांगतो, कधीकधी चक्क भांडण ऐकू येते. एकदा जिन्यात गाठून मी विचारले, "सर, तासभर बोलता तरी काय?"

ते हसले. म्हणाले, "ती लहान होती तेव्हा प्रश्न तिचे आणि उत्तरं माझी. आता मी ते उलटं केलंय. मी तिला विचारतो, या आठवड्यात तुझं मत कशाबद्दल बदललं? कधी ऑफिसातलं सांगते, कधी नवऱ्याबद्दल, कधी देवाबद्दल. मग मी माझी शंका काढतो, ती माझी शंका खोडते."

त्यांचे म्हणणे मला पटले. बापांच्या पत्रांचा विषय निघाला की पंडित नेहरूंनी इंदिरेला १९२८च्या उन्हाळ्यात लिहिलेल्या पत्रांचे उदाहरण हटकून दिले जाते. पण इंदिरा तेव्हा दहा वर्षांची होती. पृथ्वी कशी झाली, माणूस कुठून आला, हे दहा वर्षांच्या मुलीला सांगणे बापाला आवडते, कारण तिथे बापाला सगळे ठाऊक असते. आपल्याकडे साने गुरुजींनी पुतणी सुधाला लिहिलेली 'सुंदर पत्रे' घराघरांत वाचली गेली. गुरुजी शाळामास्तर होण्याआधी अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी राहिले होते, हे पुष्कळांना माहीत नसते. तत्त्वज्ञानाचा हा विद्यार्थी पत्रांत मात्र फुलांविषयी, पाखरांविषयी, भेटलेल्या माणसांविषयी भरभरून लिहितो. ही सारी पत्रे गोड आहेत, पण ती लहानांना लिहिलेली आहेत. मुलगी चाळिशीला आली, तिला स्वतःचे केस पिकू लागले, तिला तुमच्यापेक्षा चार गोष्टी जास्त कळू लागल्या, की बापाने काय लिहायचे?

मोठमोठ्यांनाही मध्ये कोणीतरी लागे. लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते. १९१०-११च्या हिवाळ्यात त्यांनी तिथे शिसपेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहिले. कर्मयोगाचा एवढा मोठा ग्रंथ ज्याच्या हातून उतरला, त्याची घरची पत्रे भाचे धोंडोपंत विद्वांस यांच्या नावे जात. १९१२ साली सत्यभामाबाई गेल्या तेव्हा टिळक मंडालेतच होते. पोरक्या झालेल्या मुलांशी त्या माणसाला मनातून काय बोलायचे असेल? काळ वेगळा, तुरुंगाचे नियम वेगळे, हे मान्य. पण "थांब, अमक्याला देतो" ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे, एवढे खरे.

प्राध्यापकांच्या या बुधवारच्या तासाचे मी मनातल्या मनात कौतुक करीत होतो. मग गेल्या वर्षी त्यांची मुलगी महिनाभर माहेरी आली. मी म्हटले, "तुमचं बरं आहे. बाप-लेकीचा संवाद असावा तर असा." ती म्हणाली, "काका, आम्ही जगातल्या सगळ्या विषयांवर बोलतो. पण बाबा बाथरूममध्ये पडले होते, मनगटाला प्लास्टर होतं, हे मला सहा आठवड्यांनी कळलं. तेही वॉचमनने सांगितल्यावर. माझं मत कशाबद्दल बदललं ते त्यांना दर आठवड्याला हवं असतं. त्यांचा हात मोडला हे मात्र मला कळायला नको."

हे ऐकून मी चपापलो. एकाने मनगट लपवले होते, दुसऱ्याने रिपोर्ट. एक तासभर बोलून लपवत होता, दुसरा अकरा सेकंदांत.

तिने हे बापालाही ऐकवले असणार, कारण पुढच्या आठवड्यात प्राध्यापक स्वतः माझ्याकडे आले. हातात एक पुस्तक होते, धर्मानंद कोसंबींचे 'निवेदन'. म्हणाले, "मुलीने माझी शाळा घेतली. आता मी हे पुन्हा वाचलंय. तुम्हीही वाचा."

धर्मानंद कोसंबी १८७६ साली गोव्यातल्या साखवाळ गावी जन्मले. नारळी-पोफळीची बागायत सांभाळणारा हा तरुण. बुद्धाविषयीचा एक लेख मुलांच्या मासिकात त्याच्या वाचनात आला आणि तो झपाटला. १८९९ साली त्याने घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, पुढे सिलोन आणि ब्रह्मदेश, असा तो पुष्कळसा पायी, पुष्कळदा उपाशी हिंडला. सिलोनमध्ये चीवर घेतले, पाली शिकला. राजपुत्र सिद्धार्थाने झोपलेल्या राहुलाकडे पाठ फिरवली, ही कथा आपण भक्तिभावाने ऐकतो. माणिकच्या बाजूने ती कोणी सांगत नाही.

पण इथून पुढची हकिकत मला अधिक महत्त्वाची वाटते. सहा-सात वर्षांनी कोसंबी परतले आणि पुन्हा संसारात आले. १९०७ साली मुलगा झाला, तोच पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून गाजलेला दामोदर. कलकत्त्याची चांगली नोकरी सोडून त्यांनी सयाजीराव गायकवाडांकडून दरमहा पन्नास रुपये पत्करले, कारण महाराष्ट्रात राहून काम करायचे होते. पन्नास रुपयांत संसार कसा भागत असेल याचा हिशेब माझ्यातला बँकवाला आपोआप मांडू लागतो, आणि त्याला तो जमत नाही. १९१० साली ते 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या कामासाठी हार्वर्डला गेले तेव्हा एकटे गेले. १९१८ साली त्याच कामासाठी पुन्हा निघाले तेव्हा मात्र माणिक आणि दामोदर या दोघांना बरोबर घेतले. १८९९ साली तान्ही असलेली मुलगी आता एकोणिसाच्या आसपास होती. त्या काळी आपल्याकडे या वयाची मुलगी घरात असली की बापाची झोप उडे. या बापाने तिला बोटीत बसवून अमेरिकेला नेले, शिक्षणासाठी. पहिल्या प्रवासाला निघताना जिला मागे ठेवले होते, तिला या प्रवासात बरोबर घेतले. यात प्रायश्चित्त होते की नाही, हे सांगणारा मी कोण! पण बापाचे हात रिकामे राहिले नाहीत, एवढे मला दिसते.

१९२४ साली 'निवेदन' पुस्तकरूपाने आले. घर सोडण्यापूर्वीची मनाची घालमेल त्यात त्यांनी लिहिली आहे. हा शब्दही पाहा: निवेदन. समर्थन नाही, उपदेश नाही. झाले ते असे झाले, एवढे समोर ठेवणे. कोसंबी जून १९४७मध्ये सेवाग्रामला अन्नत्याग करून गेले. त्यांची नात मीरा कोसंबी तेव्हा जेमतेम आठ वर्षांची होती. पुढे ती समाजशास्त्रज्ञ झाली. आमच्या उपनगरांशी तिचे नाते असे की जुहूच्या आवारात असलेल्या एसएनडीटी विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्राची ती संचालक होती. स्त्रियांच्या बाजूने इतिहास वाचण्यात जिचे आयुष्य गेले, तिनेच सत्तरीच्या सुमारास आजोबांचे 'निवेदन' इंग्रजीत आणले. २०१५ साली तीही गेली. आजीला आणि आत्याला सोडून गेलेल्या माणसाच्या शब्दांपाशी ती इतकी वर्षे बसू शकली, कारण त्याने ते शब्द लिहून ठेवले होते. तो गप्प राहिला असता तर ती कुणापाशी बसली असती?

पुस्तक मिटले तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. खिडकीतून उद्यानाचा काळा डोंगर दिसत होता. त्याच्या पलीकडच्या अंगाला कान्हेरीची लेणी आहेत, शंभराहून अधिक. घरदार सोडून आलेले भिक्षू तिथे शतकानुशतके राहिले. पण आपल्या पश्चिम घाटातल्या लेण्यांवरचे दानलेख वाचा. दान देणारा एकटा क्वचितच असतो. अमक्याचा मुलगा, अमकीची मुलगी, आईबापांच्या पुण्यासाठी, कुटुंबासह, अशी नाती दगडात कोरलेली सापडतात. विरक्तांच्या घरांनाही संसारी माणसांनी आपली नाती लावून ठेवली होती. आणि मी, मुलीने सोपवलेले एक वाक्य तीन वर्षे खिशात घेऊन फिरत होतो.

त्या शनिवारी मी मुलुंडहून गाडी धरली. दादरला पूल चढताना दम लागला. बोरिवलीला पोचलो तेव्हा मुलगी भाजी निवडत होती. जावई आणि नात बाहेर गेली होती. "बाबा? न कळवता?" मी म्हटले, "फोनवर जमलं नसतं."

मी तिच्यासमोर बसलो आणि सांगितले. "त्या आठ दिवसांचं सांगायला आलोय. तू घाबरशील म्हणून कळवलं नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खरं नव्हतं. मीच घाबरलो होतो. तुला सांगितलं असतं तर ते खरं आहे असं मला मान्य करावं लागलं असतं. तुझी आई सांग म्हणत होती. मी तिला गप्प केलं."

ती गवारीच्या शेंगा मोडत राहिली. मला वाटले, आता बोलेल, रागावेल. पुष्कळ वेळाने तिने विचारले, "त्या आठ दिवसांत आई काय काय बोलायची?"

हा प्रश्न माझ्या कधी मनातही आला नव्हता. ते दिवस मी तिच्यापासून घेतले होते हे खरे. पण ते माझ्यापाशी होते. मी एकेक काढून देऊ लागलो. पहिल्या दिवशी रिपोर्ट वाचून ती म्हणाली, बरणीत लोणचे थोडे उरले आहे, नवीन घालायला हवे. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघे संध्याकाळी तलावापर्यंत चालत गेलो आणि तिने भेळ खाल्ली, मी नको म्हणत असताना. चौथ्या दिवशी तिने कपाट आवरले आणि मुलीचा शाळेतला एक स्वेटर बाजूला काढून ठेवला. सहाव्या रात्री झोप येईना तेव्हा ती मला म्हणाली, "मी नसले तर तुम्ही दोघं बोलाल ना?"

हे शेवटचे मी कोणालाच सांगितले नव्हते. स्वतःलाही नाही.

मुलगी उठली, आत गेली, बऱ्याच वेळाने तोंड धुऊन बाहेर आली. "जेवून जा," म्हणाली. तिने माफ केले असे मी म्हणणार नाही. तसे ती म्हणाली नाही आणि मी विचारले नाही. काही खाती बंद होत नसतात, फक्त चालू ठेवायची असतात. मी परतलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते, आणि पोचल्यावर मी तिला फोन केला. माझ्या आठवणीत असा मी स्वतः होऊन केलेला हा पहिलाच.

महाराष्ट्राने १९९४ साली कायदा करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांबरोबरीचा हक्क दिला, २००५ साली तो देशभर झाला. बँकेत असताना वारसनोंदीच्या अर्जावर मुलीचे नाव पाहून आम्हाला बरे वाटायचे. पण बापाने तिला द्यायचे असे आणखीही काही असते, आणि ते कोणत्याही अर्जात मावत नाही. त्याची भीती, त्याची चूक, त्याचे दुखरे मनगट. हे तिला दिले की बापाची किंमत कमी होते, असे आपल्या पिढीला कोणी शिकवले कोण जाणे. तिच्यापासून लपवून आपण तिला वाचवत नाही. आपल्या आयुष्याबाहेर ठेवतो. आणि तिला हे केव्हाच कळलेले असते.

प्राध्यापकांचा बुधवार अजून चालू आहे. आता आधी तब्येत, मग तत्त्वज्ञान, असा मुलीने नियम घातला आहे. ते तक्रार करतात, पण पाळतात. आमच्या डोंगराच्या पोटातून गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचा बोगदा काढायचे काम हाती घेतले आहे. तो होईल तेव्हा होईल. माझ्या वयाच्या माणसाने त्यासाठी थांबण्यात अर्थ नाही.

गेल्या रविवारी साडेनऊला फोन वाजला. नव्या कामाविषयी ती सांगत होती, मी मध्येच माझ्या डाव्या गुडघ्याविषयी सांगितले, त्यावरून वाद झाला. पंधरा-वीस मिनिटे झाली असतील. मागून नातीचा आवाज आला. मुलगी म्हणाली, "थांबा बाबा, तिला देते."

मी म्हटले, "देशील गं. आधी आपलं बोलणं होऊ दे."